पेटीतली अर्धी चाल

मिस्त्रींनी फळी खिडकीच्या उजेडात धरली, अंगठ्यानं मधोमध जरा दाबून पाहिली आणि ती तडकली. आवाज असा झालाच नाही, पण हाताला कळलं. भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली होती. त्यांनी दोन्ही तुकडे कोपऱ्यातल्या ढिगावर ठेवले आणि देवदाराचा पुढचा तुकडा शिकंज्यात आवळला. ढिगात अशा बऱ्याच फळ्या जमल्या होत्या.

"अजून पातळ करायची?" लेकीनं दारातून विचारलं. तिच्या हातात आईच्या औषधाची वाटी होती.

"पुठ्ठ्याएवढी झाली पाहिजे म्हणतो."

"मग पुठ्ठाच लावा ना."

मिस्त्रींनी रंध्याचं पातं वर करून पाहिलं. लेकीला आपल्याच विनोदाचं हसू आलं, पण आत जायचंय हे आठवल्यावर ते ओसरलं. ती वाटी सांभाळत आईच्या खोलीत गेली.

'म्हणतो' म्हणजे घड्याळवाला म्हणतो. चौकातल्या चिंचोळ्या दुकानात डोळ्याला भिंग लावून बसणारा हा गृहस्थ मिस्त्रींचा जुना दोस्त होता, आणि त्यांच्या कामाला तोंडावर नावं ठेवू शकणारा बहुधा एकमेव माणूस. बाकी कुणाची तशी छाती नव्हती, आणि नावं ठेवायला जागाही नव्हती. मिस्त्रींनी बसवलेलं दार लावलं की लावलेलं कळायचं नाही. त्यांचा खण एका बोटानं सरकायचा आणि गुपचूप जाऊन बसायचा. "ज्या कपाटाचा आवाज येतो ते कपाट नव्हे, घरातलं भांडण," असं ते गिऱ्हाइकाला सांगत, आणि गिऱ्हाईक ते पुढच्या चार जणांना सांगे. आणखी एक गोष्ट लोक कौतुकानं सांगत: मिस्त्री माप कधी लिहून ठेवत नाहीत. पट्टी लावली, आकडा डोक्यात घेतला, फळी कापली. "कागद हरवतो, डोकं हरवत नाही," हेही त्यांचंच वाक्य. वाक्यांची त्यांना हौस होती, नाही म्हटलं तरी.

अशा माणसावर आता आवाज करणारी वस्तू बनवायची पाळी आली होती.

पहिली पेटी त्यांनी आपल्या रीतीनं केली. सागाच्या जाड बाजू, एकमेकांत दात रोवून बसलेले सांधे, आतून मखमल. घड्याळवाल्यानं चाल वाजवणारं छोटं यंत्र आत बसवलं, हँडल फिरवलं, मग पेटीला कान लावला.

"मिस्त्री, ही पेटी नव्हे, तिजोरी आहे. आत कुणीतरी गोधडी पांघरून गातंय."

मग त्यानं ते पितळी यंत्र बाहेर काढून नुसतं चिमटीत धरून वाजवलं. डास गुणगुणावा तेवढा आवाज झाला. तेच त्यानं दुकानाच्या लाकडी टेबलावर टेकवलं आणि सगळं टेबल गाऊ लागलं. भिंतीवरची बंद पडलेली घड्याळंसुद्धा जरा दचकल्यासारखी वाटली.

"लाकडाला गाऊ द्यावं लागतं," घड्याळवाला म्हणाला. "तू त्याचं तोंड दाबतोस. तळ पातळ कर. पुठ्ठ्याएवढा."

त्या दिवसापासून मिस्त्री फळ्या तडकवत होते.

हे सगळं चाललं होतं ते बायकोसाठी. तिला झटका येऊन एक ऋतू पालटला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. बोलण्यात ती कधी कुणाला हार गेली नव्हती. दारावर आलेल्याला दोन शब्द जास्तच देऊन पाठवणारी बाई, आणि आता तिच्याजवळ एकच शब्द उरला होता: "ते." पाणी हवं असलं तरी "ते", खिडकी लावायची असली तरी "ते", कूस बदलायची असली तरी "ते". समोरच्याचं बोलणं तिला सगळं कळायचं. आपल्याला जे म्हणायचंय ते तोंडातून येत नाही, हेही कळायचं, आणि तेच वाईट होतं. मिस्त्री पाण्याचा पेला आणत, ती मान हलवी. शाल आणत, मान हलवी. चष्मा, रुमाल, उशी. शेवटी ती डोळे मिटून घेई आणि मिस्त्री आणलेल्या वस्तू एकेक करून परत जागेवर नेऊन ठेवत. ज्यांच्या हाताला कधी कुठल्या लाकडानं नाही म्हटलं नव्हतं, ते हात अशा वेळी नुसते लोंबत राहायचे. त्यांना राग यायचा, आणि कुणाचा तेही ठरवता यायचं नाही.

बोलणं शिकवायला एक मुलगी घरी यायची. चित्रं दाखवायची, शब्द सांगायची. पालथ्या घड्यावर पाणी. एकदा जाता जाता तिनं विचारलं, "काका, काकू गायच्या का हो?"

"गायची नाही. कामात असली की गुणगुणायची."

"काय?"

"एकच चाल. शब्द नव्हते. तिची तीच."

"मग ती शोधा. कधीकधी बोलणं जातं, पण गाणं शाबूत असतं. चालीबरोबर आवाज निघतो, आवाजाबरोबर एखादा शब्द येतो. नेहमी नाही होत. पण होतं."

हे ऐकल्यापासून मिस्त्रींना दुसरं काही सुचेना. रेडिओ लावून झाला. जुनी गाणी लावून झाली. बायको ती पाहुण्यांचं बोलणं ऐकावं तशी ऐकायची. लेकीनं तिच्यासमोर बसून तीच चाल गुणगुणून पाहिली, तेव्हा मात्र ती घाबरली. लेकीच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिली. आपल्याला काहीतरी विचारलं जातंय आणि उत्तर द्यायचंय, असं तिला वाटलं असणार. "ते, ते," करून रडायलाच लागली.

तेव्हा मिस्त्रींच्या मनात पेटी आली. पेटी काही विचारत नाही. तिला उत्तर द्यावं लागत नाही. कुणाची मनधरणी न करता, कुणाला "ते" न म्हणता, डाव्या हातानं आपल्या आपण फिरवायची, हवा तितका वेळ. आणि फिरवता फिरवता जर का...

एवढ्यावर ते थांबत. त्यापुढचं स्वतःशीसुद्धा म्हणायला त्यांना धीर व्हायचा नाही.

"म्हण," घड्याळवाला म्हणाला होता. त्यानं जाड कागदाची लांब पट्टी समोर ओढली. ही पट्टी यंत्रातून सरकायची. जिथं भोक असेल तिथं पोलादी फणीचा एक दात छेडला जायचा. एक भोक, एक सूर. भोकं पाडायला त्याच्याकडे चिमट्यासारखं हत्यार होतं. "म्हण, मी टिपतो."

मिस्त्रींनी आधी दुकानाबाहेर नजर टाकली. मग खाकरून, मान खाली घालून, गुणगुणायला सुरुवात केली. त्यांचा गळा त्यांच्या बिजागऱ्यांसारखा नव्हता, कुरकुरायचा. पण चाल कळत होती. ती तीन पायऱ्या चढायची, वळायची, थोडी उतरायची, मग पुन्हा चढायला लागायची. आणि तिथंच मिस्त्री थांबले.

"पुढे?"

"पुढे येत नाही."

"येत नाही म्हणजे? जन्मभर तुझ्या घरात वाजलंय ते."

"माझं लक्ष कामात असायचं."

"ते झालंच," घड्याळवाला म्हणाला. "पोरांना विचार. बायकांना विचार. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार."

वास्तविक मिस्त्रींच्या कानावर ती चाल सगळ्यांत जास्त पडली होती. कारखाना घरातच होता. रस्त्याकडची खोली कामाची, तिच्या पाठीला स्वयंपाकघर, मध्ये एक भिंत. पण आठवत नव्हतं ते नव्हतं. मग विचारणं सुरू झालं. लेक चाल म्हणून दाखवताना डोळे मिटून घ्यायची. तीन पायऱ्या चढायची, वळायची, उतरायची, पुन्हा चढायला लागायची आणि अडायची. मुलगा दूर नोकरीला होता. त्यानं फोनवर भर रस्त्यात मोठ्यानं म्हणून दाखवलं, मागून कुणीतरी हसलेलंही ऐकू आलं, आणि तोही नेमका तिथंच अडला. मेहुणीला फोन केला, तर ती म्हणाली, "माहेरी ताई असलं काही म्हणत नसे, भाऊजी. ते तुमच्याच घरातलं. मी यायचे तेव्हा ऐकलंय." तिनं म्हटलं, आणि तिचंही घोडं त्याच जागी पेंड खाऊ लागलं. सगळा काखेत कळसा आणि गावाला वळसा असा प्रकार होता. फक्त कळसा खिडकीपाशी खुर्चीत तोंड मिटून बसला होता.

"चमत्कारिक आहे," घड्याळवाला सगळं ऐकून म्हणाला. "माणसं चाल विसरतात तेव्हा एक इथं विसरतो, दुसरा तिथं. तुम्ही झाडून सगळे एकाच पायरीवर कसे अडता?"

"तेवढीच असेल चाल."

"छे. पाय उचललेला आहे, टेकलेला नाही. असं कुणी थांबतं का?"

घड्याळवाल्यानं भिंग कपाळावर सरकवलं आणि जरा आवाज खाली आणला.

"हे बघ, मी पुढची दहा-वीस भोकं अंदाजानं मारून देतो. पाय खाली आणून ठेवतो. ऐकायला बरं वाटेल. कुणाला कळतंय?"

"तिला कळेल."

"मग?"

"जेवढं माहीत आहे तेवढं मार. पुढे कागद कोरा ठेव. लांब ठेव." मिस्त्रींनी हातानं लांबी दाखवली. "ती पुढचं म्हणेल. तिनं म्हटलं की मी तुला येऊन सांगतो."

घड्याळवाल्यानं पट्टीचा लांब तुकडा कापून घेतला. एरवी त्यानं यावर काहीतरी टोमणा मारलाच असता.

तळाची फळी शेवटी साधली. मिस्त्रींनी ती उजेडात धरली तेव्हा बोटांची सावली पलीकडून दिसत होती. नखानं टकटक केलं तर फळी लगेच बोलली. त्यांनी तिला श्वाससुद्धा जपून घेत चौकटीत बसवलं. बाजू या वेळी हलक्या केल्या, मखमल अजिबात घातली नाही, झाकण मात्र आपल्या पद्धतीचं केलं, आवाज न करता मिटणारं; तेवढी सवय जाईना. दोन्हीकडे पट्टी आत-बाहेर जायला फटी ठेवल्या. यंत्र बसवलं. पॉलिश केलं. काम झालं तेव्हा त्यांना कितीतरी दिवसांनी भूक लागली.

लेक चहा घेऊन आली आणि पेटीभोवती फिरली. "काय सुंदर झाली आहे, बाबा." मग तिचा चेहरा बदलला. कप तिनं टेबलावर ठेवला.

"काय झालं?"

"हँडल उजवीकडे आहे."

मिस्त्रींनी पाहिलं. हँडल उजवीकडे होतं. रोज सकाळ-संध्याकाळ ते बायकोच्या डाव्या हातात चमचा देत होते, तिच्या डाव्या हाताला धरून तिला उठवत होते, उजवा हात उचलून तेलानं चोळत होते. आणि तरी त्यांच्या हातानं भोक पाडलं ते जन्मभराच्या सवयीनं उजवीकडेच. पेटीचा विचार करताना त्यांच्या डोळ्यांसमोर जी बाई हँडल फिरवत होती, ती ही खिडकीजवळची बाई नव्हतीच. ती अजून धडधाकट होती. ते स्टूल ओढून बसले.

"फिरवून ठेवली तर?"

"मग झाकणाची पाठ तिच्याकडे येते. पाहुण्याला भिंतीकडे तोंड करून बसवल्यासारखं."

"मी फिरवून दाखवीन ना तिला. काय बिघडलं?"

"नाही. तिनं फिरवायची आहे."

लेकीनं वडिलांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी राहू दिला, आणि चहा निवल्यावर ते उठले आणि त्यांनी यंत्र सोडवायला घेतलं. बाजू नवीन करायची म्हणजे सांधे उघडायचे, सांधे उघडायचे म्हणजे तळाची ती फळी पुन्हा जीव मुठीत धरून काढायची. ती तडकली नाही, ही एक गोष्ट त्या घरात त्या महिन्यात चांगली घडली.

पेटी द्यायची म्हणून मेहुणी आली. मुलगा येऊ शकत नव्हता. त्याला फोनवर घेऊन लेकीनं फोन फुलदाणीला टेकवून उभा केला, तर त्यातून त्याचं अर्धं कपाळ आणि मागचा पंखा एवढंच दिसायला लागलं. घड्याळवाला दुकान बंद करून आला होता आणि दाराशीच उभा राहिला. "मी बाहेरचा माणूस," असं तो म्हणत होता, पण जात नव्हता.

बायको खिडकीजवळ खुर्चीत होती. खुर्चीच्या दोन हातांवर मिस्त्रींनीच एक आडवी फळी बसवून दिली होती, जेवणासाठी. त्यावर त्यांनी पेटी ठेवली. तिनं आधी पेटीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. डाव्या हातानं झाकण उघडलं, मिटलं. आवाज झाला नाही. तिच्या तोंडाच्या चांगल्या बाजूला किंचित काहीतरी हललं. हे काम कुणाचं, ते तिनं ओळखलं होतं.

"ते," ती म्हणाली.

"हो. तुझी आहे," मिस्त्री म्हणाले. "हे धर. आणि फिरव."

त्यांनी तिचा हात हँडलवर ठेवून आपला काढून घेतला. तिनं फिरवलं ते उलटं. पट्टी मागे सरकायला लागली. लेक पुढे झाली, तसं मिस्त्रींनी तिला हातानं अडवलं. बायको थांबली. विचार केला. मग सुलटं फिरवलं.

पहिला सूर आला आणि खोलीतलं सगळं हलायचं थांबलं. पातळ तळ बोलला, त्याच्याखालची जेवणाची फळी बोलली, खुर्चीसुद्धा बोलली असणार. बायकोचा हात आधी घाईनं फिरला, चाल धावत सुटली. मग तिला बरोबर गती सापडली. तीन पायऱ्या. वळण. हीच ती गती होती, लेकीची नव्हे, मिस्त्रींची नव्हे, तिची. मेहुणीनं पदर तोंडाशी धरला. बायकोचे ओठ विलग झाले होते. गळ्याची शीर वर-खाली होत होती. मिस्त्रींना आपल्या काळजाचे ठोके कानात ऐकू येत होते, आणि त्या ठोक्यांचीही आता अडचण वाटत होती.

चाल उतरली. पुन्हा चढायला लागली. पाय उचलला गेला, आणि भोकं संपली.

बायको हँडल फिरवत राहिली. कोरा कागद फटीतून सरकत बाहेर येत होता. यंत्राची बारीक घरघर तेवढी होती. तिचे ओठ तसेच उघडे होते.

मग तिनं हँडल सोडलं. हाताची बोटं मिटली, आणि वाकवलेल्या बोटांनी फळीवर दोनदा ठोकलं. ठक, ठक. आणि ओठ मिटून घेतले.

पहिला हसला तो फोनमधला मुलगा.

"हातोडी! आई, बाबांची हातोडी!"

"अगं बाई, हो," लेक म्हणाली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. "मी पार विसरलेच होते. बाबा पलीकडून भिंतीवर ठोकायचे, आणि आई गप्प."

"मला तर वाटायचं गाणंच तसं आहे," मुलगा म्हणाला. "शेवटी ठक ठक. मी शाळेत तसंच म्हणायचो."

"ओळखलं हो, भाऊजी," मेहुणी म्हणाली. "ओळखलं तिनं. किती दिवसांनी काहीतरी ओळखलं बघा." तिनं बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. लेकीनं आईला मिठी मारली. फोनमध्ये मुलगा "पुन्हा, पुन्हा लावा," म्हणत होता. खोलीत इतकं हसू त्या झटक्यापासून झालं नव्हतं, आणि त्यात कुणाच्याही मनात तसूभरही किल्मिष नव्हतं. घड्याळवाला तेवढा हसत नव्हता. तो मिस्त्रींकडे पाहत होता आणि मग त्यानं नजर वळवून खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली.

मिस्त्रींना आठवायला वेळ लागला नाही. आठवण्यासारखं त्यात काही नव्हतंच. खाज आली की माणूस खाजवतो, तसं ते होतं. पट्टी लावली की आकडा डोक्यात धरायचा, कापून होईपर्यंत तोंडात घोळवायचा. अशा वेळी भिंतीपलीकडून चाल आली की आकडा निसटायचा. मग हातोडीचा दांडा भिंतीवर दोनदा. रागानं कधीच नाही. त्यावरून दोघांत कधी एक शब्द झाला नाही. ती थांबायची. करवत चालू झाली की पुन्हा गुणगुणायला लागायची, सोडलं तिथून नाही, पहिल्यापासून. आणि चाल चढणीला लागेपर्यंत मिस्त्रींची पट्टी पुढच्या फळीवर पडलेली असायची. दिवसभरात किती फळ्या, त्याला काही सुमार नव्हता. स्वयंपाकघराची ती भिंत अजून तशीच होती. आत्ताही त्या भिंतीवर पलीकडच्या बाजूनं, कमरेच्या उंचीला, रंग उडालेला एक ठिपका असणार. त्यांनी तो हजारदा पाहिला होता.

"थांबा जरा," मिस्त्री म्हणाले.

सगळे हसायचे थांबले. मिस्त्री खुर्चीसमोर खाली बसले. गुडघे वाजले. त्यांनी पट्टी मागे ओढून पुन्हा सुरुवातीला लावली आणि या वेळी हँडल स्वतः फिरवलं, तिच्याच गतीनं, जमेल तसं. तीन पायऱ्या. वळण. उतार. चढण. आणि कोरा कागद.

बायकोनं दोनदा ठोकलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांनी तिचा हात फळीवरून उचलून आपल्या हातात घेतला. "नाही, ठोकू नकोस. आता मला माप नाही घ्यायचं. ऐकतेस ना? काही कापायचं नाहीये. तू म्हण पुढचं. थांबू नकोस. म्हण."

तिनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. तिला कळलं होतं, यात शंका नव्हती. कपाळाला आठी पडली, ओठ उघडले, आत कुठंतरी ती शोधत राहिली. मिस्त्री तिच्या ओठांकडे पाहत होते.

"ते," ती म्हणाली.

"हं. पुढे."

"ते... ते."

तिचे डोळे भरून आले. तिनं आपला हात त्यांच्या हातातून सोडवून घेतला, त्यांच्या ओठांवर क्षणभर ठेवला, आणि मग मांडीवर घेऊन ती गप्प बसली. पलीकडचं माप होईपर्यंत बसायची, तशी.